तीस सेकंद

रात्री साडेनऊला भाऊराव नेवारेचा फोन:
"डॉक्टर, गाय माजावर आली. सकाळपासून हंबरून रायली."
मी डॉक्टर नाही. आठ गावं म्हणतात,
म्हणून मीही आता दुरुस्त करत नाही.

गाडीला मागे नायट्रोजनचा डबा बांधलेला.
झाकण काढलं की वाफ आधी पायांवर उतरते.
आत, उणे एकशे शहाण्णववर,
गीर, साहिवाल, आपला गवळाऊ.
एकेका नळीत दोन-दोन कोटी
आणि नळीवर वळूचा नंबर.
त्यातले काही वळू कधीचे मेले,
वासरं अजून होताहेत.

चिमट्यानं नळी उचलायची,
सदतीस अंशांच्या पाण्यात धरायची तीस सेकंद.
भाऊराव बॅटरी घेऊन उभा:
"कालवडच होईन न? ज्यादा पैसे लागले तं लागू द्या.
गोऱ्हा कायले पायजे आता?"
मी मोजत असतो.

नऊ. दहा.

नागपूर, धंतोली, तिसरा माळा.
भिंतीवर पाटी, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
तिच्याखाली मी आणि प्रणिता
आणि तिच्या मांडीवर सहा वर्षांची फाईल:
नळ्यांत रंग सोडून दोनदा काढलेले फोटो,
वैदूच्या मुळीनं आलेल्या उलट्या (त्यांचा कागद नाही),
डोहाळजेवणांत मागच्या रांगेतली जागा (त्याचाही नाही).
माझा कागद एकच, या महिन्यातला.
त्यावर शून्य. लिहिणाऱ्यानं पेनानं
दोनदा गिरवलेला.

सहा वर्षं माझी डबी कुणी मागितली नव्हती.
मीही पुढे केली नव्हती,
मी, ज्यानं अकोल्याच्या ट्रेनिंगला
भिंगाखाली वळूचा थेंब पाहून
बाजूच्याला कोपर मारलं होतं: बघ, बघ, काय गर्दी!

खोब्रागडे मॅडमनं चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं.
"हा एक्स. हा वाय, मुळातच बुटका.
शुक्राणू घडवणारी काही जनुकं याच्या या लांब पायात असतात.
तुमच्यात इथला तुकडा नाही."
"कुठं गेला?" मी विचारलं,
एसटीत राहिलेल्या पिशवीची चौकशी करावी तसं.
"गेला नाही. आलाच नाही.
वडिलांकडून उतरताना सुटला बहुधा."
मला तलाठ्याच्या हातचा जुना सातबारा आठवला,
उतारा घेताना एक ओळ गळलेली,
आणि त्या ओळीत आख्खी विहीर.

"छोटं ऑपरेशन करून शोधलं तर मिळतील थोडे. कदाचित.
होऊ शकतं मूल.
पण मुलगा झाला,
तर त्याच्याही वायवर हीच जागा रिकामी.
मुलगी झाली तर हे जाणार नाही तिच्याकडे."

आई देव्हाऱ्यापुढे मागते ते
पेढ्यांच्या खोक्यासकट डोळ्यांपुढे आलं.
आपलं नाव चालवणारा,
आणि नावाबरोबर ही गळलेली ओळ चालवणारा.

एकवीस. बावीस.

परतताना कोंढाळीला गाडी थांबली.
प्रणितानं तर्री-पोहे सांगितले.
"आज सोमवार," मी म्हणालो.
"उरलेले तुमी धरा,"
ती म्हणाली, आणि लिंबू पिळलं.
तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
तिखटानंच, असं मी धरून चाललो
कारंज्यापर्यंत.

तीस.

नळी पुसली, टोक कापलं, गनमध्ये भरली.
खांद्यापर्यंत हातमोजा, कोपरापर्यंत हात आत.
आतला ऊबदार काळोख मला डोळे मिटून पाठ आहे.
गाय एकदा शहारली, मग उभी राहिली.

"डॉक्टर, तुमाले लेकरं किती?"
दरवेळी म्हणतो, होतील न, घाई कायची.
आज हात अडकलेला होता,
तोंड फिरवायला जागा नव्हती.
"नाही एकबी. बायकोत काही नाही.
माह्यातच हाय खोट."

बॅटरीचा उजेड गव्हाणीवर गेला,
पेंडीच्या पोत्यावर गेला,
बराच वेळ तिथंच राहिला.
मग भाऊराव म्हणाला,
"हात धुवाले ऊन पाणी ठेवलं हाय.
थंडं होईन. या."